प्रवासाचा खर्च एकूण महागाईपेक्षा जास्त वेगाने वाढतो का?

कायमच तसे होते असे म्हणता येणार नाही. प्रवासाचे दर एकूण महागाईपेक्षा कितीतरी अधिक हेलकावे खातात, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे (सामान्य ग्राहकाच्या खरेदीतील वस्तू-सेवांच्या किमती किती बदलल्या ते दाखवणाऱ्या मापाचे) उदाहरण पाहा. मे २०२२ मध्ये वार्षिक महागाई ८.६ टक्के असताना विमानभाडे सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले होते, तर जून २०२३ मध्ये महागाई ३ टक्के असूनही तेच भाडे वर्षभरात जवळपास १९ टक्क्यांनी उतरले होते. यामागचे कारण असे की, रिकामी गेलेली आसने किंवा हॉटेलातील खोल्या पुढच्या दिवसासाठी साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे मागणीनुसार दर रोज बदलले जातात. शिवाय इंधनाच्या किमतीतील चढउतारही भाड्यात उतरतात. घरभाड्यासारखे घटक मात्र संथपणे बदलतात आणि निर्देशांकात त्यांचा वाटा मोठा असल्याने एकूण आकडा तुलनेने स्थिर राहतो.

तुलना करताना आधारवर्ष जपून निवडावे. २०२० मध्ये महासाथीमुळे भाडी कोसळली होती, म्हणून त्या वर्षापासून मोजल्यास वाढ अवास्तव मोठी दिसते. २०१९ हे वर्ष त्या मानाने बरे. सामान, आसननिवड यांसाठी वेगळे आकारले जाणारे शुल्कही हिशेबात धरावे, कारण तिकिटाची जाहिरातीतील किंमत प्रत्यक्ष खर्च सांगत नाही.