नाकातून होणाऱ्या कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेत रोबो का वापरत नाहीत?
मुख्य अडचण जागेची. नाकपुडीतून जाणारी दुर्बीण साधारण ४ मिमी जाडीची, तर शस्त्रक्रियेच्या 'दा विंची' रोबोची नेहमीची अवजारं ८ मिमीची. दुर्बिणीसोबत अशी दोन अवजारं शिरणार कुठून? (तोंडावाटे घशाच्या शस्त्रक्रियेसाठी या रोबोला अमेरिकेत २००९ मध्येच मान्यता मिळाली; तोंड निदान उघडता तरी येतं!) शिवाय इथे हाड ड्रिलने कोरायचं असतं आणि पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) दोन्ही अंगांना कॅरोटिड धमन्या, म्हणजे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. हाड किती पातळ झालंय ते हाताला कळावं लागतं. बहुतेक रोबोंमधून तो स्पर्श नीट पोचत नाही. मला आज कामाचा वाटतो तो दुर्बीण धरून ठेवणारा यांत्रिक हात. माणसाचा हात तासाभरात अवघडतो, त्याचा नाही. एकात एक सरकणाऱ्या बारीक, वाकड्या नळ्यांच्या रोबोंवर संशोधन चालू आहे.