फ्लॅट बघण्याआधीच ब्रोकर बँक स्टेटमेंट मागतोय: कुठला कागद कधी द्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी लातूरहून पुण्यात येताय, खराडीत वन बीएचके शोधताय, आणि ब्रोकरने फ्लॅट दाखवायच्या आधीच व्हॉट्सॲपवर यादी टाकली आहे. आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि एक कॅन्सल चेक. आधार-पॅन तुम्ही पाठवून झालंय. बाकीचं आज रात्री पाठवू का, नाहीतर फ्लॅट हातचा जाईल, असं विचारलंय.

पाठवू नका. मी बरीच वर्षं बँकेच्या शाखेत केवायसीचं, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि कागद तपासायचं काम केलं आणि कर्वेनगरमधला माझा एक छोटा फ्लॅट भाड्याने देतो, म्हणजे मागणारा आणि देणारा अशा दोन्ही बाजू मला माहीत आहेत. घरमालक म्हणून सांगतो, भाडेकरू ठरवायला मला त्याचं बँक स्टेटमेंट कधीच लागलेलं नाही. मला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: हा माणूस सांगतो तोच आहे का, नोकरी खरी आहे का, आणि भाडं त्याला झेपेल का. या तिन्हींची उत्तरं स्टेटमेंटशिवाय मिळतात.

प्रत्येक कागदाचं एक काम असतं आणि त्या कामाची एक वेळ असते. ती वेळ येईपर्यंत कागद तुमच्याकडेच राहिला पाहिजे. फ्लॅट बघायला नाव आणि फोन नंबर पुरे. कुठे काम करता, पगार साधारण किती, कोण कोण राहणार, हे तोंडी सांगा, त्यात काही बिघडत नाही. घर पसंत पडलं, भाडं-डिपॉझिट ठरलं आणि समोरचा खरोखर मालक आहे याची खात्री झाली, की मग ओळखीचा आणि नोकरीचा पुरावा. आधार नंबर आणि अंगठा थेट करार नोंदवताना. ब्रोकरला हे सगळं एका फटक्यात हवं असतं, कारण त्याला तेच कागद चार मालकांना फॉरवर्ड करायचे असतात. त्याचं काम सोपं होतं, पण तुमचा आधार कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे हे तुम्हाला कधीच कळत नाही. मालक ते सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवतो आणि सेक्रेटरी कमिटीच्या ग्रुपवर टाकतात. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, तरी कागद पंधरा फोनवर पोचतो.

आता स्टेटमेंटचं. त्यात नेमकं काय असतं हे बहुतेक जण नीट बघतच नाहीत. तुमचं स्वतःचं उघडून पहिलं पान बघा. वर नाव, पत्ता, खाते क्रमांक, आयएफएससी, बहुतेक बँकांत कस्टमर आयडी, नोंदवलेला मोबाईल आणि ईमेल. काही बँकांत हाच कस्टमर आयडी नेट बँकिंगचा युजर आयडी असतो. खाली तपशिलाच्या रकान्यात पगार कुठल्या तारखेला येतो, कर्जाचा हप्ता कधी जातो, एसआयपी कुठे आहे, घरी किती पैसे पाठवता, कुठल्या डॉक्टरला दिले, आणि ज्यांना यूपीआयने पैसे दिले त्यांचे आयडी, त्यातल्या कित्येकांचे मोबाईल नंबरसुद्धा. तुमच्या आईचा नंबर तुम्ही ब्रोकरला देणार नाही, पण स्टेटमेंटमधून तो जातो. हे पान हाती असलेल्या माणसाने उद्या ‘बँकेतून बोलतोय, तुमचा पाच तारखेचा अमुक रकमेचा हप्ता अडकलाय’ असा फोन केला, तर तुम्हाला शंका यायचं काही कारणच उरणार नाही, कारण तारीख आणि रक्कम दोन्ही बरोबर असतील. शिवाय खात्यात किती शिल्लक आहे हे एकदा कळलं की भाड्याची घासाघीस संपलीच. पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ब्रोकर पुढच्याच मेसेजमध्ये पासवर्डही मागतो आणि लोक त्याच चॅटमध्ये देऊन टाकतात.

पगाराचा पुरावा हवाच असेल तर कंपनीच्या एचआरकडून चार ओळींचं पत्र घ्या: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून आमच्याकडे या पदावर, इतक्या पगारावर कामाला आहे. नवी नोकरी असेल तर ऑफर लेटरचं पहिलं पान चालतं. मालक सॅलरी स्लिपवरच अडून बसला तर एकाच महिन्याची द्या, पण आधी झाका. स्लिपवर पॅन, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), पीएफ क्रमांक, एम्प्लॉयी कोड आणि बँक खाते असं पाचही बऱ्याचदा छापलेलं असतं. मालकाला यातलं काही लागत नाही. त्याला तुमचं नाव, कंपनीचं नाव, महिना आणि हातात येणारी रक्कम दिसली की झालं.

झाकायचं कसं, इथे बरेच जण फसतात. मोबाईलमधल्या हायलायटरसारख्या पेनने खोडलं तर ब्राइटनेस वाढवून खालचे आकडे वाचता येतात. पीडीएफवर काळी चौकट ठेवली तर तिच्याखालचा मजकूर बऱ्याचदा सिलेक्ट करून कॉपी होतो, कारण तो पुसलेला नसतो, नुसता झाकलेला असतो. खात्रीचे मार्ग दोन. पूर्ण अपारदर्शक चौकट टाकून त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि फक्त तो स्क्रीनशॉट पाठवा. किंवा प्रिंट काढा, मार्करने खोडा आणि त्या खोडलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्या. नुसता मार्कर मारलेला कागद उजेडासमोर उलटा धरला की आकडे वाचता येतात, म्हणून दुसरी झेरॉक्स टाळू नका. आणि दुकानात गेलात तर फाईल झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवू नका, त्याच्या कॉम्प्युटरवर ती महिनोन्‌महिने पडून असते. पेनड्राइव्ह न्या, नाहीतर ऑफिसात प्रिंट काढा.

आधारच्या बाबतीत तुमच्याकडे एक सोय आहे, ती वापरा. आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. मालकाला आणि सोसायटीला ओळखीसाठी तेवढं पुरतं. प्रिंटवर मजकुराच्या मधून, म्हणजे कोपऱ्यात कापून टाकता येणार नाही असं, पेनाने आडवं लिहा: ‘फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी’, खाली तारीख आणि सही. फोटोवरूनही हे लिहिता येतं. पॅनच्या कार्डावर जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि तुमची सही असते, त्यामुळे कार्डाचा फोटो द्यायची घाई करू नका. करारात पॅन लिहायचाच ठरला तर नंबर पुरतो.

खरं म्हणजे मालकाला तुमच्या पॅनची जेवढी गरज आहे, त्यापेक्षा तुम्हाला त्याच्या पॅनची जास्त आहे. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं तर एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) तुमची कंपनी मालकाचा पॅन मागते. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर तुम्हालाच भाड्यातून २ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, कापून भरावा लागतो (१ ऑक्टोबर २०२४ आधी हा दर ५ टक्के होता) आणि तेव्हाही मालकाचा पॅन लागतो. तेव्हा मागायची लाज बाळगू नका. इंडेक्स टूची प्रत (फ्लॅटच्या खरेदीची नोंदणी कार्यालयातली नोंद), महावितरणचं लाईट बिल, मिळकतकराची पावती, यातलं निदान इंडेक्स टू आणि आणखी एक बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका. नव्या बिल्डिंगमध्ये लाईट बिल कधी कधी बिल्डरच्याच नावावर असतं, त्यामुळे त्या एकट्यावर विसंबू नका. इंडेक्स टूवरचं नाव, करारातलं नाव आणि डिपॉझिट ज्या खात्यात जाणार त्या खात्याचं नाव, तिन्ही जुळलं पाहिजे. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, सोसायटीच्या गेटपाससाठी थोडे पैसे टाका, परत मिळतील’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा, हा ठरलेला सापळा आहे. डिपॉझिट परत करतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितला तरी तेच. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही.

कॅन्सल चेक मालकाला कशाला हवा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. पैसे तुम्ही त्याला देणार, तर खाते क्रमांक त्याचा हवा. डिपॉझिट परत घ्यायची वेळ येईल तेव्हा तुमचा द्या. काही मालक पुढच्या तारखांचे चेक मागतात, ते तुम्हाला मान्य असेल तर नाव, रक्कम, तारीख सगळं स्वतः भरून, अकाउंट पेयी करून द्या आणि चेक क्रमांक करारात लिहून घ्या. सही करून कोरा चेक मात्र कुणालाही, कितीही गोड माणूस असला तरी, देऊ नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टनुसार सही केलेला अपुरा चेक ज्याच्या हातात दिलात त्याला तो भरायचा अधिकार मिळू शकतो. मग ही रक्कम मी देणं लागत नव्हतो, हे कोर्टात तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं.

सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणाऱ्या क्रेडिट स्कोअरचा विषयही हल्ली काही ब्रोकर काढतात. तुमचा क्रेडिट रिपोर्ट स्वतःहून काढायचा अधिकार घरमालकाला नाही, तो बँका आणि वित्तसंस्था अशा ठरावीकांनाच आहे. त्यामुळे ‘ही लिंक भरा, आम्ही सिबिल बघतो’ असं म्हणणारा तुमची माहिती गोळा करतोय असंच समजा. फारच आग्रह झाला तर नुसत्या स्कोअरच्या आकड्याचा स्क्रीनशॉट दाखवा. पूर्ण रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्ज, जुने पत्ते, पॅन, सगळं असतं.

आता करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. ‘नोटरी करून टाकू’ याला त्यामुळे भुलू नका. पुण्यात हल्ली एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो. अंगठा ठेवण्याआधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि मसुदा पूर्ण वाचा. दोन्ही पक्षांची नावं, फ्लॅट, भाडं, डिपॉझिट, मुदत. डिपॉझिटच्या कलमात व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख पुरते, तुमचा खाते क्रमांक लिहायची गरज नसते. अंगठा उमटला नाही म्हणून पुन्हा ठेवायला सांगतात, ते चालतं. पण त्याच स्क्रीनवर, त्याच मशीनवर. नंतर दोन दिवसांनी ‘एक अंगठा राहिला’ म्हणून कुणी दुसऱ्याच मोबाईलला जोडलेलं यंत्र घेऊन आलं तर आधी मालकाला फोन करा. आधारवर आलेला ओटीपी स्वतः टाका, फोनवर कुणाला सांगू नका.

पोलीस व्हेरिफिकेशनसाठी फोटो, ओळखपत्र, कायमचा पत्ता, कामाचं ठिकाण असं लागतं, बँकेचा त्याच्याशी काही संबंध नाही. खराडी पुणे शहर पोलिसांकडे येतं. पुढे हिंजवडी-वाकडकडे गेलात तर पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, तिथे त्यांच्याकडे नोंद करायची.

मालकाची भीती खोटी नसते, हेही लक्षात ठेवा. भाडं थकवून जाणारे असतात. त्यामुळे नुसतं ‘देणार नाही’ म्हणू नका, त्याबदल्यात काय देता ते सांगा: एचआरचं पत्र, आधीच्या घरमालकाचा नंबर (त्यांना विचारून), वाटल्यास एका महिन्याचं जास्त डिपॉझिट. ब्रोकरला आज एवढं लिहा: ‘नमस्कार, फ्लॅट बघून पसंत पडला आणि मालकांशी बोलणं झालं की कंपनीचं पत्र आणि मास्क्ड आधार मी त्यांना थेट देईन. आधीच्या आधार-पॅनचे फोटो कृपया पुढे पाठवू नका आणि डिलीट करा.’ चांगला ब्रोकर यावर अडत नाही, कारण त्याची दलाली करार झाल्यावरच सुटते.

पाठवून झालेल्या आधार-पॅनबद्दल घाबरू नका, पण चार गोष्टी आजच करा. तुमच्या बाजूने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ होत असेल तर करा, समोरच्याने उतरवून घेतलं असेल तरी मूळ मेसेज तरी जाईल. यूआयडीएआयच्या साइटवर किंवा ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावा. लॉक असताना अंगठ्याच्या नकलेनेही आधारवरून पैसे काढता येत नाहीत, आणि करार नोंदवायच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडता येतं. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्ट्री दिसते: कुठल्या तारखेला, कुठल्या संस्थेकडून, अंगठा की ओटीपी. अनोळखी नोंद दिसली तर यूआयडीएआयच्या १९४७ या हेल्पलाइनवर कळवा. चौथी गोष्ट क्रेडिट रिपोर्टची. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही एकदम काढू नका. एक आज काढा, बाकीचे दर तीन महिन्यांनी एकेक. त्यातला ‘एन्क्वायरी’चा भाग बघा. तुम्ही न मागितलेल्या कर्जाची चौकशी दिसली तर त्याच कंपनीकडे आणि त्या कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार टाका. खात्यातून पैसे गेलेच तर दुसरं काही करण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला.