राणी व्हिक्टोरियाच्या राजवाड्यात हॉस्पिटल कसं काय आलं? तिथे ऑपरेशनं व्हायची का?

ऑपरेशनचं आधी सांगतो, नाही व्हायची. ते कन्व्हलेसंट होम होतं, म्हणजे टाके पडून झालेत, ताप उतरलाय, पण जिना चढला की धाप लागते अशा माणसांनी तिथे जाऊन राहायचं, खायचं प्यायचं, फिरायचं आणि अंगात ताकद आली की परत ड्युटीवर.

आता राजवाडा कसा मिळाला ते. लोक म्हणतात राजाने उदार मनाने दिला, मला विचाराल तर राणीच्या मुलाला, म्हणजे नव्या राजाला, सातव्या एडवर्डला, तो वाडा नकोच होता. ऑस्बोर्न हाऊस आहे आयल ऑफ वाइट बेटावर, व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांनी १८४५ मध्ये ती जागा स्वतःच्या पैशांनी घेतली, जुनं घर पाडून नवीन बांधलं, आणि २२ जानेवारी १९०१ ला राणी वारली तीही तिथेच. तिची इच्छा होती वाडा घरातच राहावा. पण एडवर्डकडे सँड्रिंगहॅम हा स्वतःचा वाडा होताच, हा पांढरा हत्ती कोण पोसणार! बहिणींनी कुरकुर केली, लुईझ आणि बीॲट्रिसची घरं तिथेच इस्टेटीवर होती ना, पण याने ९ ऑगस्ट १९०२ ला, स्वतःच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, वाडा देशाला देऊन टाकला. १९०४ मध्ये एका भागात आर्मी-नेव्हीच्या ऑफिसरांसाठी होम सुरू झालं. फक्त ऑफिसर हां. पहिल्या महायुद्धात साध्या शिपायांसाठी ईस्टबोर्नला समरडाउन नावाचा प्रचंड कॅम्प होता, तिथे सगळ्यांना निळा सूट आणि लाल टाय, लांबूनच कळायचं पेशंट आहे म्हणून. ऑफिसरांना तो निळा सूट नव्हता. दुखण्यातून उठतानाही रँक काही सुटत नाही.

गंमत म्हणजे राणीच्या खासगी खोल्यांना लोखंडी दारं लावून कुलूप घातलेलं, आणि त्याच वाड्यात पोरं बिलियर्ड्स खेळतायत. कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज १९१७ ला तिथे होता. हा तोच ज्याला १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत इतकं लागलं की मेला म्हणून घरी कळवलं होतं आणि पेपरातही नाव छापून आलं. त्याने लिहून ठेवलंय की त्याला झोपायला मिळालेली खोली म्हणजे एडवर्ड आणि त्याच्या भावंडांची लहानपणीची नर्सरी. तिथे त्याने टाइमपास म्हणून अल्बर्टच्या नावाने एक सोसायटी काढली आणि स्वतः अल्बर्टसारखे कल्ले लावून अध्यक्ष झाला 😄 विनी द पू या अस्वलाच्या गोष्टी लिहिणारा ए. ए. मिल्न पण त्याच सुमारास तिथे पेशंट होता.

आपल्याकडच्या माणसाने बघण्यासारखी गोष्ट म्हणजे दरबार रूम. लाहोरच्या भाई राम सिंगने १८९०-९१ च्या सुमाराला तिथलं नक्षीकाम केलं, भिंती-छत सगळं पांढऱ्या प्लास्टरचं कोरीव काम आणि फायरप्लेसच्या वर पिसारा फुलवलेला मोर. त्याच्यासमोर मान वर करून उभं राहिलं की मान अवघडते पण निघवत नाही.

राणीच्या खोल्यांची कुलपं १९५४ ला निघाली आणि लोकांना आत सोडायला लागले. खाली तिकीट काढून टुरिस्ट आणि वाड्याच्या दुसऱ्या भागात पेशंट, असं २००० पर्यंत चाललं, मग होम बंद झालं.