मानेतल्या तारेनं मेंदूतली फिट कशी आवरते?

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. तीन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही फिट येतेच. मेंदूचं ऑपरेशन होण्यासारखं नाही, मानेत तार आणि छातीत मशीन बसवा, असं डॉक्टर म्हणतात. दुखणं डोक्यात आणि इलाज मानेत, हे कसं?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, मिरजेत माझ्याकडे येणारे पालकही हेच विचारतात, आणि विचारलंच पाहिजे.

मानेतून व्हेगस नावाची नस जाते. तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू हृदय, फुप्फुसं, पोट यांची खबर वर मेंदूकडे नेतात. आपण तीच वाट वापरतो. मशीन डाव्या छातीत कातडीखाली बसतं आणि तार डाव्या नसेला गुंडाळतात, कारण हृदयाच्या ठोक्यांवर उजव्या नसेचा ताबा जास्त. सहसा 30 सेकंद करंट, मग पाच मिनिटं विश्रांती, असं रात्रंदिवस चालतं.

हा संदेश मेंदूच्या देठात पोचतो. तिथं लोकस सेरुलियस नावाचा इवलासा भाग आहे. त्याच्या पेशी नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचं रसायन मेंदूभर पसरवतात. उंदरांमध्ये हा भाग निकामी केला, तर या उपचाराचा गुण येईनासा होतो, इतकं त्याचं महत्त्व. लेझमीत सगळ्यांचे हात एका ठेक्यावर पडले की बघत राहावंसं वाटतं. मेंदूच्या पेशी तशा एका ठेक्यावर पेटल्या की फिट येते. तो ठेका जुळू न देणं हे या करंटचं मुख्य काम असावं.

मेंदूतल्या पेशींचं जाळं सावकाश बदलतं, म्हणून पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही तरी धीर सोडू नका. वर्ष-दोन वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट निम्म्यावर येतात. पूर्ण थांबणं मात्र क्वचितच, आणि हे मी ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगतो. गोळ्या चालूच राहतात. करंट चालू असताना आवाज घोगरा होतो, खोकला येतो. बहुतेकांना पुढं सवय होते.

मशीनबरोबर चुंबक मिळतं. फिट सुरू होतेय असं दिसलं की ते छातीवरून एकदा फिरवायचं, जादा करंट सुटतो. घरातल्या प्रत्येकाला हे शिकवा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका; त्याला कुशीवर वळवा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा. विहिरीवर, शेततळ्यावर त्याला एकटं पाठवू नका, मशीन बसल्यावरही.