मॉड लुईस: लहान फळीवरची चित्रे

प्रश्न: आमचा मुलगा कॅनडात हॅलिफॅक्स येथे नोकरीला असतो. तेथील कलादालनात मॉड लुईस या चित्रकर्तीचे अख्खे घरच आणून ठेवलेले पाहिले. चित्रे गोड आहेत, पण लहान मुलाने काढल्यासारखी वाटली. त्यांचे एवढे कौतुक होते ते त्यांच्या अपंगत्वाकडे पाहून तर नव्हे?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अपंगत्वाचा चित्रांशी संबंध आहे, पण आपण म्हणता तसा नाही. बालपणी जडलेल्या संधिवाताने मॉड यांची बोटे वाकडी झाली होती आणि हनुवटी छातीकडे ओढली गेली होती. हात फार लांबवर फिरत नसल्यामुळे त्यांची बहुतेक चित्रे आठ इंच बाय दहा इंचांच्या आतबाहेरची आहेत. फळीला आधी पांढरा हात द्यायचा, बाह्यरेषा काढायच्या आणि ट्यूबमधला रंग दुसऱ्या रंगात न मिसळता तसाच भरायचा, ही त्यांची पद्धत होती. रीतसर शिक्षण नव्हतेच. लहानपणी आईबरोबर नाताळची भेटकार्डे रंगवून विकली, तेवढीच काय ती उमेदवारी.

इथवर शरीराची आणि परिस्थितीची गोष्ट झाली. परंतु बर्फाने झाकलेल्या शेतामागे शरद ऋतूतली लालपिवळी झाडे उभी करावीत, गाडीच्या बैलांना लांब पापण्या द्याव्यात आणि भर उन्हातल्या देखाव्यातही सावली म्हणून पडू देऊ नये, हे काही संधिवाताने सुचवलेले नाही. ती चित्रकर्तीची निवड आहे, आणि माझ्या मते कौतुक व्हायचे ते तिचे. अर्थात सगळीच चित्रे सारखी उतरलेली नाहीत, कारण गिऱ्हाईक मागेल तसे तेच बैल आणि तीच काळी मांजरे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली.

१९३८ मध्ये त्यांचे लग्न मार्शलटाउनच्या एव्हरेट लुईस या फिरत्या मासळीविक्रेत्याशी झाले. त्याच्या फेरीवर मासळीबरोबर मॉड यांची पाच सेंटांची कार्डेही खपू लागली. मॉड यांचे हात चालत नसल्याने घरकाम एव्हरेटच करी. पुढे हमरस्त्यावरून जाणारे प्रवासी दाराशी थांबून दोन-तीन डॉलरला चित्र नेऊ लागले. अगदी शेवटच्या काही वर्षांत ती किंमत सात ते दहा डॉलरवर गेली. निक्सन यांच्या काळात व्हाइट हाउसकडून दोन चित्रांची मागणी आली, तरी ३० जुलै १९७० रोजी मॉड वारल्या तोपर्यंत त्या बिनविजेच्या, बिननळाच्या एका खोलीतच राहत होत्या. (काळ्या ट्रकचे त्यांचे एक चित्र पुढे एका उपाहारगृहाच्या मालकाला भाजलेल्या चीज सँडविचांच्या बदल्यात मिळाले होते, २०२२ च्या लिलावात त्याला साडेतीन लाख कॅनडियन डॉलर आले. अशा आकड्यांवरून चित्र जोखू नये, पण सांगितल्याशिवायही राहवत नाही.)

तेच घर नोव्हा स्कोशिया प्रांताने १९८४ मध्ये विकत घेतले आणि पुढे ते कलादालनात आले. पुन्हा तेथे गेलात तर भिंतीवरच्या चित्रांआधी दार, जिना, चूल आणि केराची सुपली पाहा, कारण फुलापाखरांनी त्यांतले काहीच सोडलेले नाही. मग खिडकीपाशी थांबा. जिच्या उजेडात मॉड दिवसभर बसून रंगवत, त्या खिडकीच्या काचेवरही त्यांनी फुले काढून ठेवली आहेत.