लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पूर्ण करण्याचा तुमच्यासाठी व्यक्तिशः अर्थ काय?

प्रश्न अंतिम रेषेविषयीचा आहे, पण माझ्यापुरता या स्पर्धेचा अर्थ पहिल्या पावणेदोन तासांतच लागून गेला होता. उरलेले तेरा तास मी हाती घेतलेले काम तडीस नेत होतो, इतकेच.

पूर्ण आयर्नमॅन अंतराच्या स्पर्धेत 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणे सलग करावे लागते आणि त्यासाठी साधारणतः 17 तास मिळतात. पुण्यात यांपैकी दोन गोष्टींचा सराव सहज होतो. पहाटे कात्रज ओलांडून खंबाटकीपर्यंत सायकल हाणणारे आणि वेताळ टेकडीवर पळणारे आता इतके झाले आहेत की त्याचे कोणाला अप्रूप राहिलेले नाही. माझी अडचण पाण्याची होती.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा माझी आई नऊ वर्षांची होती. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरात पाणी दारातून येण्याआधी मोरीतून वर आले, ही आठवण ती आजही सांगते आणि सांगताना तिचा हात नकळत साडीच्या निऱ्यांकडे जातो. माणसे सगळी वाचली, पण पुढे आमच्या घरात कोणीही पोहायला शिकले नाही. कोणी मनाई केली होती असे नव्हे. विषयच निघत नसे. शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावर मात्र आई ‘पाण्यात उतरू देऊ नये’ असे न चुकता लिहून देई.

मी एकेचाळिसाव्या वर्षी डेक्कनच्या टिळक तलावावर, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या बॅचमध्ये, कमरेला फ्लोट बांधून उतरलो. पहिले तीन आठवडे कठडा सोडला नाही, आणि ती मुले मला ‘काका, घाबरू नका’ म्हणत, हे अधिक झोंबे.

पाच वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या बसलटनला गेलो. तेथे 1,841 मीटर लांबीच्या लाकडी जेटीला वळसा घालून पोहायचे असते. तिच्या टोकाशी, किनारा जवळपास दोन किलोमीटर मागे राहिलेला असताना, माझी छाती आवळली आणि हातपाय चालेनात. उताणा झालो, डोळ्यांसमोरून सरकणारे जेटीचे खांब मोजू लागलो आणि अकराव्या खांबाला श्वास जागेवर आला. पुन्हा पालथा होऊन पाहिले, तर खाली वाळू स्वच्छ दिसत होती. पाण्याबाहेर पाय टेकले तेव्हा 1 तास 44 मिनिटे झाली होती.

पुढे सायकलवर वाऱ्याने छळले, धावताना तिसऱ्या फेरीत दोनदा उलटी झाली. ती वर्णने सगळेच करतात. 14 तास 51 मिनिटांनी अंतिम रेषा ओलांडली. पदक गळ्यात पडले त्या क्षणाचे फारसे काही आठवत नाही, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. वेळ, क्रमांक, पदक यांपैकी तिने काहीच विचारले नाही.

“खोल किती होतं रे?”

“टोकाला आठेक मीटर असेल.”

“तळ दिसत होता?”

मी हो म्हणालो. ती जरा थांबली, “आमचं पाणी गढूळ होतं,” एवढेच म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.