कमोड, बिडे आणि नहाणी ट्रॅप

दादरहून एका आईचा प्रश्न आहे. मुलगी शिकायला लंडनला निघाली आहे. आपल्या कमोडला तिथेही कमोडच म्हणतात का, आणि धुवायच्या हातातल्या फवाऱ्याला, म्हणजे जेटला, काय म्हणायचं?

कमोड म्हणू नये. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'सोयीस्कर'. 18व्या शतकात तो खणांच्या कपाटाला लागला, पुढे आत भांडं लपवलेल्या खुर्चीला. ब्रिटनमध्ये कमोड म्हटलं की आजही आजाऱ्याच्या खाटेशेजारची तीच खुर्ची समजतात. तिथे 'टॉयलेट' किंवा 'लू' म्हणावं. अमेरिकेत बाहेर असताना 'रेस्टरूम', कॅनडात 'वॉशरूम'.

आपल्याकडे जागा दाखवताना एजंट 'एक इंडियन, एक वेस्टर्न' एवढंच सांगतो. पण वेस्टर्न सगळं एकसारखं नसतं. ब्रिटनमध्ये भांड्यात पाणी कमी असतं आणि वरून येणारा लोट मैला ढकलून नेतो. अमेरिकी भांड्यात पाणी बरंच वरपर्यंत असतं आणि ते सायफनने, म्हणजे पाण्याच्या ओढीने, मैला खेचून घेतं. तिथे ट्रॅपची, म्हणजे भांड्याखालच्या वळणदार नळीची, वाट अरुंद, त्यामुळे कागद जास्त झाला की चोकअप. पाणी चढताना दिसलं तर पुन्हा फ्लश करायचा नाही. आधी टाकीखालचा कॉक उजवीकडे फिरवून बंद करायचा. मग प्लंजर भोकावर नीट बसवून, रबर पाण्याखाली ठेवून दाबायचा. पहिला दाब हळूच, नाहीतर आतली हवा घाण पाणी अंगावर उडवते. ओले वाइप्स कुठल्याच देशात भांड्यात टाकू नयेत, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

जेटला 'बिडे स्प्रे' म्हणा, दुकानदाराला कळतं. नुसतं 'बिडे' म्हणजे वेगळं बुटकं बेसिन. मूळ अर्थ तट्टू, कारण त्यावर तसंच मांड टाकून बसायचं. इटलीत 1975च्या नियमापासून घरात बिडे असणं बंधनकारक आहे. जपानी सीटवरच्या बटणांतही हा शब्द 'बिदे' होऊन बसला आहे, पण तिथे ते बटण बायकांसाठी, पुढून धुण्याचं. मागून धुण्याचं बटण 'ओशिरी'.

लंडनच्या भाड्याच्या घरात मात्र जेट परस्पर बसवू नये. नळी भांड्यात लोंबली आणि दाब उलटा झाला तर घाण पाणी पिण्याच्या लाइनीत ओढलं जाऊ शकतं. म्हणून तिथले पाण्याचे नियम कडक आहेत. पाणी उलटं जाऊ न देणारा साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह चालत नाही. घरमालकाला विचारावं, तोवर टमरेल किंवा प्लास्टिकची बाटली.

खरी अडचण जमिनीची. आपल्याकडे बाथरूमच्या जमिनीत पाणी जायला जाळीचं भोक असतं, तो नहाणी ट्रॅप. ओडिशातल्या केंद्रपाड्याहून मुंबईत आलेला प्लंबरही 'नहाणी ट्रॅप'च म्हणतो, इतका आपल्या न्हाणीघराचा शब्द या धंद्यात मुरला आहे. लंडनच्या बहुतेक घरांत ती वस्तूच नाही. जमिनीला उतार नाही, जाळी नाही, काही ठिकाणी खाली लाकडी फळ्या. सांडलेलं पाणी कडेच्या फटीतून खालच्याच्या छतावर उतरतं आणि भुर्दंड भाडेकरूला. म्हणून उठायच्या आधी, सीटवर बसूनच धुवायचं, पाणी भांड्यातच पडू द्यायचं आणि कागदाने कोरडं करायचं. जागा बघताना 'वेट रूम' आहे का विचारावं. हा शब्द असेल तर जमिनीला उतार आणि निचरा असतो.